पहिला कॅमेरा निवडताना

पहिला कॅमेरा विकत घेणे ही वरवर पाहता एका वस्तूची खरेदी असते. प्रत्यक्षात मात्र तिच्यामुळे पुढील अनेक वर्षांच्या खर्चाची दिशा ठरून जाते. सामान्य कुटुंबात असा कॅमेरा साठवलेल्या पैशांतून किंवा हप्त्यांवर घेतला जातो. निवड चुकली तर तो दोन-चार समारंभांनंतर कपाटात पडून राहतो, आणि बदलायचा म्हटले तर त्याच्याबरोबर घेतलेल्या लेन्सही बहुधा बदलाव्या लागतात. म्हणून जाहिरातीतील आकड्यांची तुलना करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे हिताचे ठरते : कॅमेऱ्यातील कोणती उणीव पुढे भरून काढता येईल आणि कोणती कधीच भरून काढता येणार नाही? नवशिक्यांसाठी तयार झालेले दोन कॅमेरे शेजारी ठेवून पाहिल्यास या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येईल. त्यांपैकी एक म्हणजे निकॉन कंपनीने २०२२ साली आणलेला झेड ३०, आणि दुसरा कॅनन कंपनीने २०२३ साली आणलेला ईओएस आर५०.

आरसा गेल्याने काय बदलले

हे दोन्ही कॅमेरे ‘मिररलेस’, म्हणजे आरसा नसलेल्या, वर्गात मोडतात. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, वर परावर्तित होतो आणि लोलकातून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा क्षणभर वर उचलला जातो आणि प्रकाश मागील फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. मिररलेस कॅमेऱ्यात ही सारी यंत्रणा काढून टाकलेली असते. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरने टिपलेले दृश्यच मागील पडद्यावर अथवा डोळ्याला लावायच्या छोट्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. चित्र उजळ येणार की काळवंडणार, हे त्यामुळे बटण दाबण्यापूर्वीच कळते.

याचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. आरशाला हलण्यासाठी लागणारी जागा वाचल्यामुळे लेन्स सेन्सरच्या बरीच जवळ आणता आली. लेन्स ज्या धातूच्या कड्यावर बसते त्याला ‘माउंट’ म्हणतात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर होते, तर आरएफ माउंटमध्ये ते २० मिलिमीटर आहे. दोन्ही नवे माउंट २०१८ साली प्रचारात आले. जुन्या आणि नव्या अंतरांतील फरक भरून काढणारे पोकळ कडे, म्हणजे ॲडॅप्टर, मध्ये बसवले की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर वापरता येते.

जे आकडे फारसे मोजावेत असे नाहीत

दुकानात पहिली तुलना मेगापिक्सेलची होते. आर५० च्या चित्रात आडवे ६,००० आणि उभे ४,००० बिंदू असतात. झेड ३० च्या चित्रात ते अनुक्रमे ५,५६८ आणि ३,७१२ असतात. एकूण संख्या २४० लाख आणि २०७ लाख अशी मांडली की अंतर मोठे भासते. परंतु एका इंचात ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापल्यास पहिल्याचे चित्र २० इंच रुंद होईल, तर दुसऱ्याचे साडेअठरा इंच. भिंतीवर टांगलेल्या चौकटीत हा फरक ओळखणे कठीण आहे.

सेन्सरचा आकार पाहिला तर पारडे किंचित दुसरीकडे झुकते. कॅननचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, तर निकॉनचा २३.५ × १५.७ मिलिमीटरचा आहे. म्हणजे निकॉनचे क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी अधिक भरते. अंधुक प्रकाशात याचा लाभ नाममात्र होतो. वजनातही बॅटरी आणि कार्डासह ३७५ आणि ४०५ ग्रॅम एवढाच फरक आहे. हातथरथर शमवणारी यंत्रणा दोहोंपैकी एकाच्याही बॉडीत नाही. ती सोबतच्या लेन्समध्ये असते. तात्पर्य, या बाबींवर निवड अडून राहू नये.

डोळा कोठे लावायचा

खरा फरक कॅमेऱ्याच्या पाठीमागे आहे. आर५० ला व्ह्यूफाइंडर आहे. झेड ३० ला तो नाही. झेड ३० मुख्यतः चलत्‌चित्रण करणाऱ्यांसाठी घडवलेला असल्याने त्यात सर्व काम बाजूला उघडणाऱ्या पडद्यावर पाहूनच करावे लागते. घरात किंवा सावलीत यामुळे काहीच अडत नाही. परंतु मे महिन्याच्या दुपारी, शाळेच्या मैदानावर किंवा नदीच्या घाटावर पडद्यावरील चित्र उन्हाने फिके पडते आणि चौकटीत काय आले हे अंदाजानेच ठरवावे लागते. व्ह्यूफाइंडर डोळ्याशी धरला की ऊन आड होते. शिवाय दोन हातांच्या जोडीला कपाळाचा तिसरा आधार मिळून कॅमेरा स्थिर राहतो. दूरचे दृश्य जवळ आणणारी लांब लेन्स वापरताना हा आधार मोलाचा ठरतो.

हलणाऱ्या विषयांच्या बाबतीतही आर५० पुढे आहे. माणसाचा चेहरा आणि डोळा दोन्ही कॅमेरे ओळखतात, तसेच कुत्री आणि मांजरेही. आर५० त्यांशिवाय पक्षी आणि वाहने ओळखून त्यांच्यावर फोकस धरून ठेवतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात उडणारा बगळा टिपू पाहणाऱ्याला या मदतीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

झेड ३० ची बाजू अन्यत्र बळकट आहे. त्यावर बोटांनी फिरवण्याच्या दोन चकत्या आहेत; एकीने शटरचा वेग आणि दुसरीने लेन्सचे छिद्र बदलता येते. आर५० वर अशी एकच चकती आहे. प्रकाशाचे गणित स्वतःच्या हाताने शिकू इच्छिणाऱ्याला दोन चकत्यांमुळे शिकणे सोपे जाते. फ्लॅशची गोष्ट वेगळी आहे. आर५० मध्ये छोटा फ्लॅश अंगचाच आहे, झेड ३० मध्ये तो नाही. मात्र झेड ३० वरील फ्लॅशची खाच नेहमीच्या पद्धतीची असून आर५० ची खाच नव्या घडणीची असल्याने जुन्या पद्धतीचा बाहेरचा फ्लॅश तिच्यावर लावण्यास ॲडॅप्टर लागतो.

खोली, माणसे आणि प्रकाश

कॅमेऱ्याबरोबर बहुधा एक झूम लेन्स मिळते. कॅननची १८ ते ४५ मिलिमीटरची, तर निकॉनची १६ ते ५० मिलिमीटरची असते. सोळा आणि अठरा यांतील अंतर क्षुल्लक वाटते, पण लहान घरात ते चांगलेच जाणवते. समूह दहा फुटांवर उभा असेल तर निकॉनच्या चौकटीत सुमारे १४.७ फूट रुंदी मावते, कॅननच्या चौकटीत १२.४ फूट. मागे सरकायला भिंत जागा देत नसेल तर रांगेच्या टोकाचा एखादा माणूस या सव्वादोन फुटांमुळे चित्रात येतो किंवा बाहेर राहतो. शिवाय या टोकाला निकॉनच्या लेन्सचे छिद्र एफ/३.५ पर्यंत उघडते, कॅननचे एफ/४.५ पर्यंत, म्हणजे निकॉनच्या सेन्सरवर सुमारे दीडपटीहून अधिक तीव्र प्रकाश पडतो.

तरीही संध्याकाळी, एका दिव्याच्या उजेडात, या दोन्ही लेन्स अपुऱ्याच पडतात. लांबच्या टोकाला दोहोंचेही छिद्र एफ/६.३ इतके लहान होते. कॅननची ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही लहानशी लेन्स तिच्या बारापट प्रकाश आत घेते. जेथे झूम लेन्सला एका सेकंदाचा दहावा भाग लागेल, तेथे हिला एकशेविसावा भाग पुरतो, आणि धावणारे मूल चित्रात पुसट होत नाही. हातथरथर शमवणारी यंत्रणा हे काम करू शकत नाही. ती छायाचित्रकाराचा हात सावरते, मुलाचे धावणे थांबवत नाही. निकॉनच्या माउंटसाठीही ४० मिलिमीटर, एफ/२ ची अशीच हलकी लेन्स आहे. सर्व पैसा बॉडीवर न घालवता अशा एका लेन्सपुरती तरतूद राखून ठेवणारा ग्राहक दोहोंपैकी कोणताही कॅमेरा घेऊन अधिक चांगली चित्रे काढील.

घरातील जुन्या लेन्स

अनेक घरांत एसएलआरच्या काळातील लेन्स सांभाळून ठेवलेल्या असतात. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्याच पोटात असते. म्हणून ॲडॅप्टर लावताच आर५० वर त्यांचा ऑटोफोकस चालतो. निकॉनच्या कित्येक जुन्या ऑटोफोकस लेन्सना मोटर नसे. ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असे. अशी लेन्स ॲडॅप्टरने झेड ३० वर बसते, पण फोकस हातानेच फिरवावा लागतो. ज्या लेन्सवर ‘एएफ-एस’ अशी खूण असते, तिच्यात मोटर असते. जुनी लेन्स हिशेबात धरण्यापूर्वी ती दिव्यासमोर धरून आत पावसाळी हवेची बुरशी चढलेली नाही ना, हेही पाहावे. नव्या लेन्सपैकी सिग्मा कंपनीच्या तुलनेने स्वस्त ऑटोफोकस लेन्स झेड माउंटसाठी २०२३ पासून आणि आरएफ माउंटसाठी २०२४ पासून मिळू लागल्या.

निवड

वर्ग, प्रात्यक्षिके, हस्तकला किंवा स्वयंपाक यांचे चलत्‌चित्रण करणे हा ज्याचा मुख्य हेतू आहे, जो बहुतेक वेळ छताखाली काम करणार आहे, त्याला झेड ३० समाधान देईल. न वापरल्या जाणाऱ्या व्ह्यूफाइंडरसाठी त्याने पैसे मोजण्याचे कारण नाही. उघड्यावर, उन्हात, खेळ, पक्षी आणि जत्रा टिपणाऱ्याने आर५० घ्यावा. घरात कॅननच्या जुन्या लेन्स असतील तर हे मत अधिकच पक्के होते.

आपण पुढे काय टिपणार हे ज्याला अद्याप ठाऊक नाही, त्याने सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळावे. आर५० च्या सोबतची लेन्स खोलीत अपुरी पडली तर अधिक रुंद दृश्य घेणारी दुसरी लेन्स पुढे घेता येते. झेड ३० ला फ्लॅश नाही, तोही नंतर जोडता येतो. पण झेड ३० ला व्ह्यूफाइंडर मागाहून बसवता येत नाही. म्हणून अशा ग्राहकाने आर५० घेणे शहाणपणाचे ठरेल. मात्र पैसे देण्यापूर्वी दोन्ही कॅमेरे हातात घेऊन दुकानाबाहेर उन्हात उभे राहावे आणि रस्त्यावरून जाणारी एखादी सायकल चौकटीत धरून पाहावी. हातात कोणता कॅमेरा नीट बसतो आणि उन्हात कोणत्यातून दिसते, हे माहितीपत्रक वाचण्यापेक्षा त्या पाच मिनिटांत अधिक चांगले कळेल.