मोटारीची नोंदणी आणि तिची मुदत

मोटार विकत घेताना एकरकमी कर भरला, म्हणजे त्या गाडीची नोंदणीही कायमची झाली, असा समज नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत सर्रास आढळतो. हा समज चुकीचा आहे. कर ही एक बाब आहे आणि नोंदणी ही दुसरी. कराची पावती कितीही जपून ठेवली, तरी खाजगी मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्राला कायद्याने आयुष्याची मर्यादा घातलेली आहे आणि ती मर्यादा उलटल्यावर गाडी कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी ठरते.

दिनांक १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार परिवहनेतर वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर त्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करून घ्यावे लागते. मोटार, मोटारसायकल, स्कूटर यांबरोबरच शेतीकामाचा ट्रॅक्टरही परिवहनेतर वाहनांतच मोडतो, ही गोष्ट ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी गावात आवर्जून सांगण्यासारखी आहे. भाड्याने चालणारी जीप, टेम्पो, ट्रक यांची व्यवस्था वेगळी. त्यांना योग्यता प्रमाणपत्राचे बंधन असते. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मुदतीची तारीख नोंदणी प्रमाणपत्रावरच छापलेली असते. मात्र पंधरा वर्षांचा काळ एवढा दीर्घ, की मुदत संपते तेव्हा प्रमाणपत्र शेवटचे केव्हा पाहिले हेही मालकाला आठवत नाही. पुष्कळदा मधल्या काळात गाडीचा मालकही बदललेला असतो. म्हणून जुनी गाडी घेणाराने किमतीची घासाघीस करण्यापूर्वी ही तारीख पाहावी. व्यवहार झाल्यावर मालकी आपल्या नावे वर्ग करण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत दाखल करावा. एरवी पुढे नूतनीकरणासाठी मूळ मालकाचा शोध घेत फिरण्याची पाळी येते.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करावयाचा असून तो मुदत संपण्यापूर्वी जास्तीत जास्त साठ दिवस आधी देता येतो. म्हणजे मालकाच्या हाती दोन महिन्यांचा अवधी असतो. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावरून अर्ज भरता येतो व शुल्कही तेथेच भरता येते. परंतु गाडी तपासणीसाठी प्रत्यक्ष न्यावीच लागते. वैध विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र हवे. पंधरा वर्षांवरील वाहनांना आपल्या राज्यात पर्यावरण कर लागू होतो, तोही भरलेला असावा. कर्ज फेडूनही बँकेचा बोजा प्रमाणपत्रावर तसाच राहिलेला असतो, हा नेहमीचा अनुभव आहे. तो आधी उतरवून घेणे सोयीचे. किनवटसारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या भागातील मालकाला एका कागदासाठी दुसरी खेप म्हणजे आणखी एक दिवस आणि इंधनाचा खर्च. तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाची शिबिरे भरतात. तेथे कोणती कामे होतात याची चौकशी करून निघावे.

तपासणीत दिवे, ब्रेक, भोंगा, टायर पाहिले जातात आणि चासी व इंजिनाचे क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहतात. गाडी यांत्रिकदृष्ट्या सदोष असेल तर नूतनीकरण नाकारण्याचा अधिकार नोंदणी प्राधिकाऱ्याला आहे. मात्र त्याची कारणे लेखी द्यावी लागतात आणि अशा आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. हा हक्क फारसा कोणी वापरीत नाही, कारण लेखी आदेश मागण्याचा आग्रहच धरला जात नाही.

आता विलंबाविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ४ ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने केलेले बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यापूर्वी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते, ते ५,००० रुपये झाले. मोटारसायकलीसाठी १,००० रुपये ठरले. मुदत टळल्यास मोटारसायकलीला दरमहा ३०० रुपये व अन्य परिवहनेतर वाहनांना दरमहा ५०० रुपये अतिरिक्त शुल्क आहे. महिन्याचा काही भाग हा पूर्ण महिना धरला जातो, हे येथे विशेष लक्षात घ्यावयाचे. एखाद्या मोटारीची मुदत १४ जून २०२५ रोजी संपली आणि अर्ज २० डिसेंबर २०२५ रोजी आला, तर सहा महिने आणि वरचे सहा दिवस मिळून सात महिने होतात. अतिरिक्त शुल्क ३,५०० रुपये आणि मूळ शुल्कासह आकडा ८,५०० रुपयांवर जातो. मोटारसायकलीच्या बाबतीत तर चौथ्याच महिन्यात विलंबाची रक्कम मूळ शुल्काला मागे टाकते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या वाहनांचे शुल्क आणखी वाढविले असून मोटारीला १०,००० व मोटारसायकलीला २,००० रुपये पडतात. तेव्हा दुसऱ्यांदा नूतनीकरण करण्यापूर्वी गाडीची किंमत आणि हा खर्च यांचा हिशेब मांडून पाहणेच शहाणपणाचे.

हे झाले कार्यालयातील शुल्क. रस्त्यावरील दंड त्याहून निराळा. विनानोंदणी वाहन चालविल्यास कलम १९२ नुसार पहिल्या अपराधाला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुन्हा तसे घडल्यास ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. चालकाप्रमाणेच गाडी वापरू देणारा मालकही जबाबदार धरला जातो. आजारी वा जखमी माणसाला नेण्यासाठी अडीअडचणीला गाडी काढली, तर हे कलम लागू होत नाही. मात्र तसे घडल्याचे सात दिवसांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणास कळवावे लागते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र दंडाचे नसते, विम्याचे असते. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली एक मोटार जुलै २०११ मध्ये जोधपूर येथे चोरीस गेली. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरीही नोंदणी वैध नसणे हा विमा कराराच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी विमा कंपनीने दावा नाकारणे योग्य ठरविले. मुदत संपून अवघे काही दिवस झाले होते. लातूरहून रोज तीस-चाळीस किलोमीटरांवरील शाळेत स्वतःच्या मोटारीने ये-जा करणाऱ्या शिक्षकाने हा निर्णय ध्यानात ठेवावा.

सीमाभागाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद तेलंगणाला लागून, तर उदगीर, निलंगा, देवणी कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्याला लागून. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात एकत्र होता. सोयरिकी आणि बाजारपेठा आजही सीमा मानीत नाहीत. मोटार वाहन कायदा मात्र मानतो. परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून, येथील कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. नांदेडचा एमएच-२६, लातूरचा एमएच-२४. हैदराबादहून स्वस्तात आणलेली, पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी ही दोन्ही कामे एकाच वेळी मालकाच्या गळ्यात घालते, आणि मग ती स्वस्त राहत नाही.

वाड्यात वा शेतावर वर्षानुवर्षे उभी असलेली, पुन्हा चालू न होणारी गाडी असेल, तर तिचे नूतनीकरण करण्यात अर्थ नाही. कलम ५५ नुसार वाहन कायमचे निरुपयोगी झाल्यास चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते. तसे न करता गाडी भंगारवाल्याला दिली, तर कागदोपत्री मालक आपणच राहतो.

शासकीय वाहनांना तर ही निवडही उरलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर संपुष्टात येते व तिचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण आणि कायदा व सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळलेली आहेत. पूर्वी मुदत वाढवून घेतलेली असली तरी पंधरा वर्षे पूर्ण होताच ती वाढ निरर्थक ठरते. अशा वाहनांची विल्हेवाट नोंदणीकृत भंगार केंद्रामार्फत लावावयाची आहे. ज्या कार्यालयांच्या आवारात जुन्या जीपगाड्या कडुनिंबाखाली गंजत उभ्या आहेत, तेथील अधिकाऱ्यांनी आणि पंचायतींच्या पदाधिकाऱ्यांनी वाहन नोंदवही उघडून प्रत्येक वाहनाच्या नोंदणीची तारीख तपासावी, आणि पंधरा वर्षे पुरी होण्याच्या आतच पर्यायी वाहनाची तरतूद अंदाजपत्रकात मांडावी.