रस्त्यावर आलेलं शहर

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला शेजारच्या लॉस एंजेलिसची माणसं फारशी मोजत नसत. बंदर, नौदलाची गोदी, तेलविहिरी, आणि ओशन बुलेव्हार्डवर 'तसले' सिनेमे नि कळकट बार. १९६७ मध्ये आणून नांगरलेलं 'क्वीन मेरी' हे जुनं जहाज, एवढंच काय ते भूषण. अशा गावात मोनॅकोसारखी, रस्त्यांवरची मोटारशर्यत भरवायची टूम काढली ख्रिस पुक या मूळच्या इंग्रज ट्रॅव्हल एजंटने. शर्यत टीव्हीवर दिसेल, गावाचं नाव होईल, हॉटेलं भरतील, असा त्याचा रोकडा हिशेब.

सप्टेंबर १९७५ मध्ये फॉर्म्युला ५००० ची पहिली शर्यत झाली. ती ब्रायन रेडमनने जिंकली. पुढच्याच मार्चमध्ये फॉर्म्युला वन आली, फेरारीचा क्ले रेगाझोनी जिंकला. १९७७ मध्ये मारिओ अँड्रेटी जिंकला आणि अमेरिकी प्रेक्षकाला घरचा हिरो मिळाला.

एरवी ऑफिसला जायच्या रस्त्यावर शर्यतीच्या तीन दिवसांत काँक्रीटच्या भिंती उभ्या असतात. आजची फेरी ३.१७ किलोमीटरची, ११ वळणांची. शर्यतीच्या या गाड्यांची चाकं उघडी. चाकाला चाक भिडलं तर गाडी हवेत उडू शकते आणि भिंत तर हाताच्या अंतरावर. शोअरलाइन ड्राइव्हवर ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाणारी गाडी शेवटच्या हेअरपिनला रिक्षाच्या वेगावर येते. स्टिअरिंग पार टोकापर्यंत पिळावं लागतं. तिथे एक गाडी आडवी झाली, की मागे चक्क ट्रॅफिक जॅम!

पण या रस्त्याला दयामाया नाही. १९८० मध्ये शोअरलाइन ड्राइव्हच्या टोकाला रेगाझोनीचे ब्रेक निकामी झाले. अपघातानंतर तो कमरेखाली कायमचा लुळा झाला. १९८३ मध्ये मात्र बाविसाव्या क्रमांकावरून सुटलेला जॉन वॉटसन पहिला आला.

आणि नेमकं त्याच वर्षानंतर पुकने फॉर्म्युला वनला नारळ दिला. फॉर्म्युला वनवाल्यांची पैशांची मागणी वाढत चालली होती. तुलनेत स्वस्त, अस्सल अमेरिकी इंडी गाड्यांची मालिका त्याने १९८४ पासून आणली. त्या वर्षीही अँड्रेटीच जिंकला! माझ्या मते या शर्यतीच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. फॉर्म्युला वनने त्या काळात लास वेगास, डेट्रॉइट, डॅलस, फिनिक्स अशी शहरं पालथी घातली. १९९१ संपेपर्यंत त्यातलं एकही तिच्याकडे उरलं नव्हतं. लाँग बीचने २०२५ मध्ये पन्नासावी शर्यत साजरी केली.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या हुसेनसागराकाठी विजेवरच्या उघड्या चाकांच्या गाड्या धावल्या. वर्षअखेरीस राज्यातलं सरकार बदललं आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली. पहिली शर्यत हौसेने होते. दुसरीचे पैसे कुठून येणार, हे पुकने आधी पाहिलं होतं.