टिटवीच्या पोटाला लागलेले तेल

वालूर (ता. सेलू) : आपल्या शिवारात समुद्र नाही. मग समुद्रात सांडलेल्या तेलाची उठाठेव कशाला, असे शेतकरी बंधू विचारतील. पण गेल्या चैत्रात ओढ्याच्या काठी एक टिटवी पाहिली आणि हा विषय घ्यावासा वाटला.

टिटवी उघड्या रानात चार अंडी घालते, हे आपण जाणतोच. ऊन तापले की ती पाण्यात पोट भिजवून येते व अंडी गार ठेवते. त्या डबक्यावर इंजिनाच्या जळक्या ऑइलचा तवंग होता. टिटवीचे पांढरे पोट काळे पडलेले. महिना उलटला, तरी एकही पिल्लू निघाले नाही.

समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत हेच फार मोठ्या प्रमाणावर होते. तेलाने पिसे चिकटतात, गार पाणी अंगाला भिडते, पक्षी गारठून मरतो. चोचीने पिसे साफ करताना तेल पोटात जाते ते वेगळेच. जो वाचतो, तो पोटाच्या पिसांवरून तेल घरट्यात नेतो. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. बदकाच्या अंड्यांवरील प्रयोगांत एका थेंबाहूनही कमी तेलाने आतला जीव मेल्याचे दिसले आहे. त्यातून बरेच समुद्रपक्षी वर्षाला एकच अंडे घालतात. कोंबडीसारखी भरपाई तिथे नाही. १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' जहाजातून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. त्यात अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले.

आपल्या राज्यातही ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' ही जहाजे धडकली. सुमारे ८०० टन तेल वाहिले, खारफुटी काळी झाली, कोळी बांधवांची मासळी कोणी घेईना. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय पक्ष्यांची वीण होते. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, ते समुद्रातल्या अशाच तेलाचे.

जहाज आपल्या हाती नाही, इंजिन आहे. ऑइल बदलताना खाली डबा लावा. सांडलेच तर भुसा टाकून टिपून घ्या, ओढ्याकडे लोटू नका. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी गॅरेजवाल्याशी बोलून गावात एक पिंप ठेवावे. जळके ऑइल विकत नेणारे फिरतातच. टिटवी आपल्याच रानातले किडे वेचते. आता पुन्हा चैत्र येईल, आणि ती त्याच डबक्यावर पोट भिजवायला उतरेल.