एडिटरमधला एआय सोबती : बसवणे सोपे, वापरणे समजून घ्यावे

बेळगाव : कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला की नव्या लॅपटॉपवर पहिली दोन-तीन सॉफ्टवेअर टाकली जातात, त्यात 'व्हीएस कोड' बहुतेक असतेच. खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीकडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुला-मुलींना प्रोग्रॅमपेक्षा स्क्रीनवर लाल अक्षरांत येणारा इंग्रजी एररच जास्त घाम फोडतो. विचारायचे कुणाला? हॉस्टेलमधला सिनियर प्रत्येक वेळी हाताशी नसतो, आणि वर्गात हात वर करायला संकोच वाटतो.

ही अडचण आता बऱ्यापैकी सुटू शकते. कोड जिथे लिहिला जातो त्याच खिडकीत एआय चॅट उघडता येतो आणि त्याला चक्क मराठीत प्रश्न विचारता येतो. पण हा सोबती जितका कामाचा आहे, तितकाच बेफिकिरीने वापरला तर अंगाशी येणारा आहे.

नेमके आहे काय?

व्हीएस कोड हे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेले मोफत कोड एडिटर. 'गिटहब' ही कोड साठवण्याची आणि वाटून घेण्याची सेवा मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतली. त्याच गिटहबने २०२१ मध्ये 'कोपायलट' हा एआय सहाय्यक चाचणीसाठी खुला केला आणि २०२२ मध्ये तो सर्वांसाठी पैसे भरून उपलब्ध झाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मोफत योजना आली. सुरुवातीला तिच्यात महिन्याला २,००० कोड सूचना आणि ५० चॅट प्रश्न अशी मर्यादा होती. या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून खाते उघडताना चालू आकडे गिटहबच्या पानावर पाहून घ्यावेत.

सहाय्यकाची कामे ढोबळमानाने तीन. टाइप करता करता पुढची ओळ सुचवणे, बाजूच्या चॅटमध्ये प्रश्नांची उत्तरे देणे, आणि सांगितले तर स्वतःच फाइलींमध्ये बदल करणे.

बसवायचे कसे?

१. व्हीएस कोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती डाउनलोड करून टाकावी. पेन ड्राइव्हवर फिरणारी जुनी कॉपी वापरू नये. नव्या आवृत्तीत चॅटची सोय आतच येते.

२. गिटहबवर मोफत खाते उघडावे. ई-मेल स्वतःचा, कायम चालणारा द्यावा. पुढे नोकरीच्या अर्जातही हेच खाते दाखवावे लागते. दोन टप्प्यांची सुरक्षा लगेच सुरू करावी.

३. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर कोपायलटचे चिन्ह दिसते. त्यावर क्लिक करून गिटहब खात्याने साइन इन करावे. ब्राउझर उघडेल, परवानगी मागेल, ती दिली की परत एडिटरमध्ये यावे.

४. विंडोजवर कंट्रोल, आल्ट आणि आय ही बटणे एकत्र दाबली की चॅटची खिडकी उघडते. कोडचा ठराविक भाग निवडून कंट्रोल आणि आय दाबले तर तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतो.

५. टाइप करताना फिकट अक्षरांत सूचना दिसली तर टॅब दाबून ती घ्यावी, नको असेल तर एस्केप.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सहाय्यक बसवला म्हणजे पायथन किंवा जावा आपोआप बसत नाही. ती भाषा वेगळी टाकावी लागते, नाहीतर कोड दिसेल पण चालणार नाही.

विचारायचे कसे?

सगळी मेख इथेच आहे. प्रश्न मोघम तर उत्तरही मोघम. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, विद्यार्थ्याला पतसंस्थेच्या मुदत ठेवीची रक्कम काढणारा प्रोग्रॅम हवा आहे. त्याने चॅटमध्ये एवढेच लिहिले : 'मुदत ठेवीचे व्याज काढणारा पायथन प्रोग्रॅम दे.' सहाय्यक वर्षातून एकदा व्याज मुद्दलात मिळवणारे सूत्र देऊ शकतो. १०,००० रुपये, ८ टक्के दर, एक वर्ष. उत्तर येईल १०,८०० रुपये. प्रोग्रॅम एकही एरर न देता चालेल.

पण संस्था व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवत असेल तर? मग दर तिमाहीला २ टक्के, असे चार वेळा, आणि बरोबर रक्कम होते १०,८२४ रुपये ३२ पैसे. एका ठेवीदारामागे २४ रुपये ३२ पैशांचा फरक. अशाच १,००० ठेवी असतील तर २४,३२० रुपये. संगणकाने कुठेही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. नियम सांगायचा राहिला, तो माणसाकडून.

म्हणून प्रश्न असा असावा : 'रक्कम, वार्षिक दर आणि महिने असे तीन आकडे घे. व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळव. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत दे. रक्कम शून्य किंवा त्याहून कमी असेल तर सूचना दाखव. प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांग.' उत्तर आल्यावर वरचे १०,००० रुपयांचे उदाहरण कागदावर सोडवून ताडून पाहावे. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचे काम आहे.

पैशाच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली तर उत्तर नेमके ०.३ येत नाही. शेवटी एक बारीकसा अंश शिल्लक राहतो. संगणक दशांश अपूर्णांक आतून वेगळ्या पद्धतीने साठवतो, त्यामुळे असे होते. म्हणून रुपये-पैशांसाठी 'डेसिमल' प्रकार वापरायला सहाय्यकाला मुद्दाम सांगावे.

एरर आला की तो पूर्ण कॉपी करून चॅटमध्ये टाकावा आणि 'हा का आला?' असे आधी विचारावे. 'दुरुस्त करून दे' हे नंतर. क्रम उलटा झाला की कोड सुधारतो, विद्यार्थी मात्र होता तिथेच राहतो.

आंधळा विश्वास नको

सहाय्यक चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. कधी कधी तो अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नाव सुचवतो. अशी काल्पनिक नावे हेरून त्याच नावाने घातक सॉफ्टवेअर इंटरनेटवर ठेवण्याचा नवा धोका सुरक्षा तज्ज्ञांनी दाखवून दिला आहे. म्हणून अनोळखी लायब्ररी टाकण्याआधी ती कुणाची आहे, किती जुनी आहे, तिची माहितीपत्रिका आहे का, हे पाहावे.

स्वतःहून फाइली बदलणाऱ्या 'एजंट' प्रकाराबाबत जास्त जपावे. तो एका झटक्यात दहा फाइली बदलू शकतो आणि टर्मिनलमध्ये कमांड चालवण्याची परवानगी मागतो. परवानगीचे बटण न वाचता दाबू नये. काम सुरू करण्याआधी 'गिट'मध्ये कोडची नोंद करून ठेवली असेल तर बिघडलेले परत मूळ जागी आणता येते.

गुपित बाहेर जाऊ नये

चॅटमध्ये लिहिलेला प्रश्न, आणि बऱ्याचदा उघडलेल्या फाइलमधला मजकूरही, उत्तरासाठी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. कॉलेजच्या असाइनमेंटला त्याचे काही बिघडत नाही. पण शहरातली अनेक मुले शिकता शिकता दुकाने, दवाखाने, पतसंस्था यांच्यासाठी छोटी सॉफ्टवेअर करून देतात. तिथे खऱ्या ग्राहकांची नावे, मोबाईल नंबर, आधार क्रमांक असलेली फाइल उघडी ठेवून चॅट वापरणे धोक्याचे आहे. चाचणीसाठी खोटी नावे आणि खोटे आकडे वापरावेत. पासवर्ड कोडमध्ये कधीच लिहू नयेत.

ग्राहकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकणारा व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. 'मुलाने चॅटमध्ये टाकले' हे कारण संस्थेला पुढे करता येणार नाही. शिवाय गिटहब खात्याच्या सेटिंगमध्ये आपली माहिती एआय सुधारण्यासाठी वापरू द्यायची की नाही, याचा पर्याय असतो. तो पहिल्याच दिवशी उघडून पाहावा आणि स्वतः ठरवावा.

नेट नसेल तर?

गावाकडे नेटची रडकथा असेल, किंवा माहिती बाहेर जाऊच द्यायची नसेल, तर दुसरा मार्ग आहे. 'ओलामा' हे मोफत सॉफ्टवेअर एआय मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर चालवते आणि 'कंटिन्यू' हे एक्स्टेन्शन ते व्हीएस कोडला जोडते. ८ जीबी रॅम असेल तर छोटी मॉडेल चालतात. मॉडेल एकदा डाउनलोड केले की पुढे नेट लागत नाही. उत्तरे मात्र सावकाश येतात, कमी दर्जाची असतात आणि मराठी कच्ची असते. तिथे सोप्या इंग्रजीत विचारलेले बरे.

व्हायव्हाला सोबती नसतो

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच, त्यामुळे इथल्या घराघरात सेमिस्टर आणि लॅबची भाषा ओळखीची. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत समोर रिकामा स्क्रीन असतो आणि पलीकडे परीक्षक. 'ही ओळ काढली तर काय होईल?' या एका प्रश्नावर उसन्या कोडचे पितळ उघडे पडते. कॅम्पस मुलाखतीतही तेच.

यावर सोपा उपाय असा. प्रोग्रॅम आधी स्वतः लिहावा, अडले तरच विचारावे. मिळालेले उत्तर वाचून खिडकी बंद करावी आणि तेच न बघता पुन्हा लिहून काढावे. जमले तर ते आपले झाले. नाही जमले तर पुन्हा विचारावे, दहा वेळा विचारावे. सिनियर कंटाळतो, हा सोबती कंटाळत नाही. मोफत योजनेची महिन्याची मर्यादा संपेपर्यंत तरी नाही.