माहितीची गोदामे आणि विजेचा हिशेब

सातबाऱ्याचा उतारा आता संगणकावर मिळतो, ग्रामपंचायतीचा जमाखर्च संगणकावर चढतो आणि शाळांची बरीचशी माहितीही मोबाईलवरूनच रवाना होते. कागद वाचला, हेलपाटे वाचले, ही मोठीच सोय होय. परंतु ही माहिती कोठे तरी अधांतरी तरंगत असते, असा जो समज रूढ आहे तो खरा नव्हे. ‘क्लाउड’ या नावाने तो अधिकच दृढ केला आहे. माहिती साठविणारी यंत्रे पक्क्या इमारतींत असतात. अशा डेटा सेंटरांच्या देशातील एकूण क्षमतेपैकी सुमारे निम्मी क्षमता मुंबई–नवी मुंबई परिसरात एकवटली आहे.

समुद्रतळावरून येणाऱ्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यास लागतात, तर बँका व शेअर बाजार जवळच आहेत. शिवाय ठाणे–बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी उभारलेली औद्योगिक वसाहत आयती उपलब्ध होती. त्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे येथे जुन्या कारखान्यांच्या शेजारी ही नवी गोदामे उभी राहिली. पनवेलनजीकचे एक प्रचंड केंद्र २०२० मध्ये सुरू झाले.

ही यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि तापतात. कोकणच्या दमट हवेत त्यांना थंड ठेवणे विशेष खर्चाचे असते. यंत्रांच्या प्रत्येक १०० युनिटांमागे शीतकरण व इतर सोयींसाठी आणखी ५० हून अधिक युनिटे लागतात, अशी जागतिक सरासरी आहे. एक मेगावॉटचा भार वर्षभर अखंड राहिल्यास सुमारे ८७ लाख ६० हजार युनिटे खर्च होतात. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका मेगावॉटमागे वर्षाला सहा हजार टनांहून अधिक! आणि ही केंद्रे एकेका मेगावॉटची नसतात. मोठ्या केंद्रांचा भार दहापटींनी मोजावा लागतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील अशा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटे, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली.

राज्याच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून निघतो. २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र त्यांतील प्रमुख होय. माहितीचा लाभ सर्वदूर पोहोचतो. खाणींची धूळ व राख मात्र चंद्रपूर, कोराडी, भुसावळ भागांतील गावांच्या वाट्याला येते. ही विषमता हिशेबात क्वचितच धरली जाते.

काही केंद्रांनी सौर व पवन वीज विकत घेण्याचे करार केले आहेत. तथापि सूर्य मावळल्यावरही यंत्रे चालूच असतात, आणि तेव्हा पुन्हा ग्रिडचाच आधार घ्यावा लागतो. वीज गेल्यास डिझेलची जनित्रे सुरू होतात. ऐरोलीला लागूनच असलेल्या ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यास २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे, हे या संदर्भात लक्षात घेणे अगत्याचे आहे.

काही वर्षांनी यंत्रे बदलावी लागतात आणि त्यांचा कचरा होतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांची तरतूद आहे. शाळा व ग्रामपंचायतींतील निकामी संगणकही भंगारात न विकता त्याच मार्गाने द्यावेत, हे इष्ट.