फ्रेझल व्हर्ब
फ्रेझल व्हर्ब : इंग्रजीत मूळ क्रियापदास ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखे क्रियाविशेषण वा शब्दयोगी अव्यय जोडून सिद्ध होणारी क्रियापदरचना. तिचा अर्थ पुष्कळदा घटक शब्दांवरून कळत नाही. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. परंतु ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. मराठीत ‘विसरून जाणे’ यातील ‘जाणे’चा मूळ अर्थ असाच लोपतो. ‘टेक ऑफ’ ही एकच रचना विमानाबाबत उड्डाण करणे, तर कोटाबाबत अंगातून काढणे हा अर्थ देते.

कर्म नाम असल्यास ते अशा अव्ययाच्या आधी किंवा नंतर येते : ‘टर्न द लाइट ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ द लाइट’. सर्वनाम मात्र मध्येच येते : ‘टर्न इट ऑफ’. सांभाळणे या अर्थाची ‘लुक आफ्टर’ ही रचना अशी विभागता येत नाही. ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते.

या रचना परकीयांना अत्यंत अवघड जातात, हे सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ मध्ये आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले. पुढे ढकलणे यासाठी बोलण्यात ‘पुट ऑफ’, तर औपचारिक लेखनात लॅटिनोद्भव ‘पोस्टपोन’ हे रूप अधिक रूढ आहे. त्यामुळे केवळ ग्रंथांवरून इंग्रजी शिकणाऱ्याचे बोलणे व्याकरणशुद्ध असूनही पुस्तकी वाटते. यास्तव या रचना सुट्या पाठ न करता पूर्ण वाक्यांतून आत्मसात करणे इष्ट ठरते.