चिरफाड नाही, म्हणून धोका नाही?

जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी आत सरकवतात आणि धमनीतून थेट मेंदूपर्यंत नेतात. कवटीला हात लागत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, यात धोका कसला? अशा उपचाराला सरकारी पैसा लगेच मिळाला नाही की संताप होतो: माणूस जातोय आणि हे पुरावे मागताहेत! तो संताप मला समजतो. तरी पुरावा मागायलाच हवा.

मेंदूतली अरुंद धमनी स्टेंटने रुंद करायची, ही कल्पना कुणालाही पटेल. अमेरिकेत अशा विंगस्पॅन स्टेंटला २००५मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. सरकारी विमा मेडिकेअरने मात्र मान्यताप्राप्त चाचणीतल्या रुग्णांपुरताच खर्च उचलायचं ठरवलं. पुढे ४५१ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना कडक औषधोपचार, बाकीच्यांना त्यासोबत स्टेंट. तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू औषधगटात ५.८ टक्के, स्टेंटगटात १४.७ टक्के! २०११मध्ये रुग्ण घेणंच थांबवलं. मेंदूतल्या त्या अरुंद धमनीतून केसासारख्या फांद्या मेंदूच्या खोल भागात जातात. स्टेंट बसवताना त्यांचीच तोंडं बंद होऊ शकतात.

मग पुरावा मागणं म्हणजे टाळाटाळ का? नेदरलँड्सकडे बघा. पक्षाघातात गुठळी नळीने काढण्याच्या तीन चाचण्या २०१३मध्ये निष्फळ ठरल्या. डच सरकारने दार बंद केलं नाही. रुग्ण चाचणीत असेल तर पैसे देऊ, असं सांगितलं. १६ रुग्णालयांत ५०० रुग्ण झाले. मोठी धमनी तुंबलीय हे आधी चित्रात पाहूनच रुग्ण घेतले, आणि नळीचा उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेकांना गुठळी पकडून ओढणारी नवी जाळी वापरली. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे नळीच्या गटात ३२.६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचाराने १९.१. या निकालाने जगभरचा उपचार बदलला.

म्हणजे नळी तीच, उत्तरं मात्र उलटी. ‘नळीचा उपचार’ या एका नावाखाली पैसे मंजूर करताच येत नाहीत. कोणता आजार, कोणता रुग्ण, किती तासांत, हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं.

धमनीचा फुटलेला फुगा प्लॅटिनमच्या तारेने आतून भरण्याचंही तसंच. २००२च्या मोठ्या चाचणीत वर्षभराने मृत किंवा परावलंबी असलेले तार भरलेल्यांत २३.७ टक्के होते, तर कवटी उघडून चिमटा लावलेल्यांत ३०.६. पण तार भरलेला फुगा पुन्हा भरावा लागण्याची वेळ अधिक येते. तेव्हा नंतरच्या तपासण्या आणि पुन्हा करावा लागणारा उपचार, दोन्ही त्या खर्चात धरलेच पाहिजेत.